दिवाळं निघालं तर घरातलं काय राहतं?

पंचगंगाकाठ

मंडळी, मावसभावासाठी विचारतोय. इचलकरंजीत त्याचे यंत्रमाग. अजून शेडमध्ये उभे आहेत, पण बंद. सूत उधारीवर घेतलं, कापडाचं पेमेंट वरच्या व्यापाऱ्याकडे अडकलं, वीजबिल थकलं. डोक्यावर बँकेचं कॅश क्रेडिट, एका पतसंस्थेचं कर्ज आणि ओळखीतल्या लोकांचे हातउसने. पतसंस्थेने १०१ चा (सहकार कायद्याखालचा वसुलीचा) दाखला काढलाय, वसुली अधिकारी दारात येऊन गेला.

आता कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय की कोर्टात जाऊन दिवाळं जाहीर कर, सगळं माफ होतं आणि घरातल्या वस्तूला कोणी हात लावत नाही.

त्याच्याकडे काय आहे ते सांगतो. राहतं घर, बँकेकडे तारण. माग, तेही बँकेकडे. वहिनींचं सोनं बारा तोळे. एलआयसीच्या दोन पॉलिसी. आधी सूतगिरणीत नोकरीला होता तिथला पीएफ. शिरोळ तालुक्यात शेतजमीन, सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं. एक मोटारसायकल. यातलं काय राहील?

टवाळ_गण्या

कर्ज राहील.

पंचगंगाकाठ

गण्या, तू गप बस रे. माणूस रात्रभर झोपत नाही.

कृष्णाकाठचा_वकील

तालुका कोर्टात दिवाणी कामं करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘सगळं माफ’ हे आधी डोक्यातून काढायला सांगा. तुमच्या भावासारख्या स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्या माणसाला मुंबईबाहेर अजून १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदाच लागतो. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी अख्खा भाग आहे, पण तो आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू झालाय, १ डिसेंबर २०१९ पासून. म्हणजे माग चालवणारा, किराणा दुकानदार, रिक्षावाला, या सगळ्यांसाठी शंभर वर्षांपूर्वीचंच दार.

त्या दारातून आत गेलं की काय होतं? कोर्टाने नादार ठरवलं की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसिव्हरच्या ताब्यात जाते. वगळायचं काय, याची वेगळी यादी त्या कायद्यात नाही. तो म्हणतो, दिवाणी प्रक्रिया संहितेने ज्या वस्तूंना जप्तीतून सूट दिलीय त्या सोडून बाकी सगळं; फक्त हिशोबाच्या वह्यांना नादारीत ही सूट नाही. त्यामुळे नादारीचा अर्ज करा नाहीतर नुसती दरखास्त (धनकोने, म्हणजे पैसे देणाऱ्याने, कोर्टातून लावलेली वसुली) अंगावर घ्या, वह्या सोडल्या तर राहणाऱ्या वस्तू त्याच. सगळा खेळ त्या संहितेच्या कलम ६० चा.

त्या कलमात काय आहे? ऋणको (कर्जदार), त्याची बायको आणि मुलं यांचे अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्मरिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची औतं, लागतील तेवढी जनावरं आणि बी-बियाणं. हिशोबाच्या वह्या. मजुराची मजुरी. सरकारी पेन्शन. आयुर्विम्याचे पैसे. पीपीएफ. आणि लोकांना माहीतच नसतं असं एक: शेतकरी, मजूर किंवा घरगडी ज्या स्वतःच्या घरात राहतो ते घर, त्याला लागून असलेल्या जागेसकट. मजूर म्हणजे कुशल असो वा अकुशल. शेतकरी मात्र स्वतः कसणारा आणि मुख्यतः शेतीवरच पोट असलेला हवा.

म्हणजे गंमत बघा. तुमच्या भावाच्या शेडमध्ये माग चालवणाऱ्या कामगाराचं राहतं घर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात (कोर्टाच्या वसुलीच्या निकालात) सुटू शकतं. मालकाचं सुटत नाही.

पण हे सगळं तारण नसलेल्या वस्तूंचं. गहाणखतावर सही झाली की त्या वस्तूपुरतं कलम ६० बाजूला पडतं. बँक ते घर जप्त करून विकत नाही, गहाणाच्या हक्काने विकते. नादारी जाहीर झाली तरी तारण असलेल्या धनकोचा हक्क तसाच राहतो, हे १९२० च्या कायद्यातच लिहिलंय. तेव्हा घर आणि माग हे दोन विषय आजच बाजूला ठेवा. त्यांचा निकाल नादारीत नाही, बँकेशी तडजोडीत लागेल.

विमावाली_नलिनी

वकीलसाहेबांनी विम्याचं सांगितलंच आहे. भर घालते. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे, आमच्या भाषेत एमडब्ल्यूपी. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावरची पॉलिसी बायको-मुलांच्या नावे या कायद्याखाली काढली तर ते पैसे ट्रस्टमध्ये गेल्यासारखे होतात. ते नवऱ्याचे उरतच नाहीत, धनकोचा हात पोचत नाही. धंदेवाल्या माणसाला मी फॉर्म भरतानाच विचारते. दहातले नऊ म्हणतात, “कशाला एक्स्ट्रा कागद?”

मात्र हे पॉलिसी काढतानाच करावं लागतं. जुन्या पॉलिसीवर नंतर शिक्का मारून मिळत नाही. आणि धनकोंना बुडवायच्या हेतूने हप्ते भरले असतील तर तेवढ्या हप्त्यांची रक्कम ते मागू शकतात.

पंचगंगा, भावाच्या पॉलिसींवर कर्ज काढलंय का ते बघा. बँकेकडे असाइन केलेली, म्हणजे बँकेच्या नावे करून दिलेली असेल तर ती तारणातच मोडते.

पंचगंगाकाठ

नलिनीताई, एक असाइन केलीय. दुसरी मोकळी आहे.

निवृत्त_वसुलीवाला

मी सहकारी बँकेत वसुली विभागात आयुष्य काढलं. कायदा वकीलसाहेबांनी सांगितला, मी दारात काय होतं ते सांगतो.

एका शिंप्याच्या घरी बेलिफाबरोबर, म्हणजे जप्ती करणाऱ्या कोर्टाच्या माणसाबरोबर गेलो होतो. जामीनदार म्हणून अडकलेला बिचारा. बेलिफ पंचनामा लिहायला बसला: “शिलाई मशीन, पायडलचे, चालू स्थितीत, नग एक.” शिंपी काही बोलेना. त्याचा पोरगा कॉलेजला होता, तो म्हणाला, “साहेब, हे हत्यार आहे, हे लिहू नका.” बेलिफाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पोरगा बरोबर बोलतोय, खोडा. मशीन खोडलं. मग टीव्ही लिहिला, फ्रिज लिहिला, लोखंडी कपाट लिहिलं. कपाट उघडून आतले सगळे कपडे पलंगावर काढून ठेवले आणि रिकामं कपाट टेम्पोत चढवलं. कपडे सुटतात, कपाट सुटत नाही. पलंगही सुटला, कारण तो झोपायचा.

हे सगळं जागेवरच ठरतं. त्या वेळी घरातल्या माणसाने तोंड उघडलं नाही तर वस्तू पंचनाम्यात जाते, मग ती सोडवायला अर्ज, तारीख, वकील फी. वस्तूच्या किमतीपेक्षा फी जास्त. त्यामुळे पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा, आणि हरकत असेल तर त्याच कागदावर लिहून मागा.

अजून एक. पतसंस्थेची वसुली दिवाणी कोर्टातून येत नाही. १०१ चा दाखला निघाला की सहकार कायद्याच्या कलम १५६ खाली त्यांचाच वसुली अधिकारी जप्ती करतो. त्या दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. भाऊ जर म्हणत असेल की व्याज चुकीचं लावलंय, तर ते दाखला निघायच्या आधी, निबंधकासमोर सुनावणीतच बोलायला हवं होतं. बहुतेक जण त्या सुनावणीला जातच नाहीत.

खमकी_रेवा

सोन्याचं कोणीच बोललं नाही. बारा तोळे वहिनीचे आहेत ना? मग नवऱ्याच्या कर्जात त्यांचा संबंध काय?

कृष्णाकाठचा_वकील

रेवाताई, मुद्दा रास्त आहे. माहेरहून आलेलं, लग्नात मिळालेलं सोनं हे स्त्रीधन. त्यावर तिचा एकटीचा हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलंय. नवऱ्याच्या नादारीत ते येतच नाही. कलम ६० मधली मंगळसूत्राची सूट त्याहून वेगळी, ती दागिना कोणाचाही असला तरी.

आता अडचणी. पहिली, वहिनींनी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलीय का? आपल्याकडे अधिकारी “इथे मॅडमची एक सही” म्हणतो आणि बाई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन सही करते. तशी सही असेल तर कर्ज तिचंही आहे आणि सोनं तिचंच असल्यामुळे उलट जास्त उघडं पडतं. दुसरी, पावत्या. धंद्यातल्या पैशातून मागच्या पाच-सात वर्षांत घेतलेलं सोनं नवऱ्याचंच आहे असं धनको म्हणणार. जुन्या पावत्या, लग्नातले फोटो, लॉकरची नोंद, जे असेल ते गोळा करा. तिसरी, सोनेतारण कर्ज काढलेलं असेल तर तेवढं सोनं विसरा.

पीएफ सुरक्षित आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या जप्तीला कायद्यानेच मनाई आहे. मात्र घाबरून तो काढून कर्ज असलेल्या बँकेतल्या खात्यात जमा करू नका. एकदा खात्यात पडला की तो ओळखायचा कसा, इथून वाद सुरू होतो. राहू दे तिथंच.

पंचगंगाकाठ

वहिनींची सही पतसंस्थेच्या कागदावर आहे, आत्ताच विचारलं. बँकेच्या नाही.

आणि एक राहिलं. हातउसन्यातल्या एकाने स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय की “मुदतीत पैसे न दिल्यास घरातील सर्व सामान, भांडीकुंडी, वाहन घेऊन जाण्यास माझी हरकत नाही.” खाली भावाची सही आणि दोन साक्षीदार. तो रोज फोन करून हाच कागद दाखवतो.

कृष्णाकाठचा_वकील

तो कागद त्याला फ्रेम करून लावायला सांगा.

कलम ६० मध्ये १९७६ साली पोटकलम घातलंय: या कलमाची सूट मी सोडून देतो असा करार कोणी केला तरी तो रद्दबातल. भांडी, अंथरूण, हत्यारं यांच्यावरचं संरक्षण माणसाला सही करूनही घालवता येत नाही. खाजगी माणसाला तर कोर्टाच्या हुकमाशिवाय तुमच्या घरातली वाटीही उचलता येत नाही. आला तर पोलिसात तक्रार.

तो व्याजाने पैसे देतो का? परवाना आहे का? नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे बिनपरवाना सावकाराला कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करा. मित्राने बिनव्याजी मदत म्हणून दिलेले असतील तर गोष्ट वेगळी, मग त्याचे परत करायचा रस्ता शोधा.

टवाळ_गण्या

म्हणजे गहाणखतावर सही केली तर घर जातं आणि भांडीकुंडीच्या कागदावर सही केली तरी भांडी जात नाहीत. कायद्याला स्वयंपाक आवडतो बहुतेक.

सीए_चिंचवड

गण्या, मुद्दा बरोबर पकडलास.

कंपनीवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक तेच. प्रायव्हेट लिमिटेडच्या कर्जाला संचालक म्हणून वैयक्तिक हमी दिली असेल तर २०१६ ची संहिता लागते आणि प्रकरण कंपनी न्यायाधिकरणात जातं. तिथं यादी नवीन आहे. व्यवसायाला लागणारी हत्यारं, पुस्तकं, वाहन. घरातलं गरजेचं सामान. विमा आणि पेन्शन योजना. धार्मिक रिवाजाचे दागिने, पण १ लाख रुपयांपर्यंत. आणि एक राहतं घर, पण शहरात २० लाखांपर्यंतचं आणि ग्रामीण भागात १० लाखांपर्यंतचं. सगळ्यावर एकच अट: बोजा नको.

२० लाखांत पिंपरी-चिंचवडमध्ये काय येतं ते मला विचारू नका. आणि जे येतं त्यावर गृहकर्ज असतंच.

दिवाळखोरीचा आदेश झाल्यापासून एक वर्षात मुक्तता मिळायची तरतूद आहे, हे १९२० च्या कायद्यापेक्षा बरंच माणुसकीचं. दंड, पोटगी, शैक्षणिक कर्ज यातून मात्र सुटका नाही.

आणि मुंबई शहरवाल्यांनो, तुमच्यासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. त्यात हत्यारं, कपडे, अंथरूण, भांडी आणि फर्निचर मिळून सूट किती? ३०० रुपये. सगळं धरून. १९०९ साली त्यात संसार येत असेल, आज एक कुकर येत नाही. आकडा कोणी बदलला नाही, कारण या कायद्याकडे कोणी वळूनच बघितलं नाही.

ह्यूस्टनची_शमा

इथे टेक्सासमध्ये अगदी उलटं आहे. आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाने रेस्टॉरंट बुडाल्यावर चॅप्टर ७ (इथली दिवाळखोरी) केलं, तेव्हा सगळी कागदपत्रं लावायला मी मदत केली होती.

टेक्सासमध्ये राहत्या घराला किमतीची मर्यादाच नाही. शहरात १० एकरांपर्यंत जागा चालते. घर अलीकडे, म्हणजे १२१५ दिवसांच्या आत घेतलेलं असेल तर केंद्राचा कायदा मर्यादा घालतो, नाहीतर बंगला कितीही मोठा असो. गृहकर्ज असेल तर हप्ते भरावेच लागतात, ते इथेही सुटत नाही. बाकीच्या सामानाला कुटुंबासाठी १ लाख डॉलरची मर्यादा, त्यात दागिने २५ टक्क्यांपर्यंत. परवानाधारक प्रत्येक माणसामागे एक गाडी. आणि यादीत काय काय आहे ऐका: दोन बंदुका, दोन घोडे किंवा गाढवं खोगिरासकट, १२ गाई-बैल, १२० कोंबड्या. शपथेवर सांगते, कायद्यात आहे. नोकरीतलं ४०१के, म्हणजे निवृत्तीचं खातं, तर पूर्ण सुरक्षित.

पण आपल्या लोकांसाठी खरा घोळ पुढे आहे. अर्जात जगात कुठेही असलेली मालमत्ता लिहावी लागते. त्या गृहस्थांचा पुण्यात भावाबरोबर निम्मा-निम्मा फ्लॅट. ते म्हणाले, “तो भारतात आहे, इथल्या कोर्टाला काय कळतंय?” वकिलाने हातातलं पेन खाली ठेवलं. शपथेवर खोटं लिहिलं तर कर्जमुक्ती जाते, वर फौजदारी होऊ शकते. आणि घराची सूट फक्त राहत्या घराला, पुण्यातल्या फ्लॅटला नाही. शेवटी ट्रस्टीशी (दिवाळखोराची मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या माणसाशी) बोलणी करून त्या निम्म्या हिश्शाच्या बदल्यात भावाने पुण्याहून रक्कम पाठवली आणि फ्लॅट घरातच राहिला.

अर्ज केल्यापासून १८० दिवसांत कोणाचा वारसा तुमच्याकडे आला तर तोही त्यात जातो. गावी आई-वडील थकलेले असतील तर अर्ज कधी करायचा याचा विचार करावा लागतो. ऐकायला वाईट वाटतं, पण वकील पहिल्याच भेटीत विचारतो.

टवाळ_गण्या

१२० कोंबड्या! पंचगंगा, भावाला टेक्सासला पाठव, पोल्ट्री काढू.

अनामिक_सल्लागार

एवढं कशाला? शेतातला हिस्सा आणि मोकळी पॉलिसी बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर करून टाका, मग नादारीचा अर्ज द्या. आमच्याकडे असंच करतात.

निवृत्त_वसुलीवाला

अनामिक, असले सल्ले देणारे नंतर फोन उचलत नाहीत, हा माझा नोकरीतला अनुभव.

कृष्णाकाठचा_वकील

पॉलिसीला मुळातच सूट आहे, ती हलवून उलट संशय ओढवून घ्याल. आणि जमिनीचं बक्षीसपत्र केल्यावर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर नादार ठरलात तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. ओळखीच्या एका धनकोला घाईने पैसे देऊन बाकीच्यांना टाळलं, तर अर्जाआधीच्या तीन महिन्यांतलं तेही उलटतं. त्याहून वाईट म्हणजे कोर्टासमोर माणूस अप्रामाणिक ठरतो, आणि नादारीतून मुक्तता देताना कोर्ट नेमकं तेच बघतं. त्या कायद्यात अजून लिहिलंय की मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील तर पूर्ण मुक्तता नाकारायची, जोवर ऋणको दाखवत नाही की हे माझ्या दोषाने झालं नाही. तुमचा भाऊ ते दाखवू शकतो. मंदी, अडकलेलं पेमेंट, वीजबिलं, सगळं वह्यांत असेल. त्या वह्या जपून ठेवा, नादारीत त्या कोर्टासमोर हजर कराव्या लागतात. बक्षीसपत्र केलं की ही बाजूच संपते.

पंचगंगाकाठ

नाही करणार, त्याला सांगितलं. मग जमिनीचं काय? शेतजमीन जप्त होत नाही असं सगळेच म्हणतात.

आणि माझाही प्रश्न. पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीन आहे. पगार हातात ३१ हजार.

कृष्णाकाठचा_वकील

आता कळलं तुम्ही का जागे आहात.

जमीन: सगळे चुकीचं म्हणतात. कलम ६० शेतकऱ्याचं घर, औतं, बी सोडतं, जमीन सोडत नाही. लोकांचा घोळ २००२ च्या सरफेसी कायद्यामुळे होतो. त्या कायद्याने बँकेला शेतजमिनीवर परस्पर ताबा घेता येत नाही, एवढंच. हुकूमनामा घेऊन विकता येते. पण तुमच्याकडे दोन भावांचं सामाईक क्षेत्र आहे, वाटप झालेलं नाही. विकला जाईल तो फक्त तुमच्या भावाचा हिस्सा, आणि घेणाऱ्याला पुढे वाटपाची लढाई लढावी लागेल. म्हणून अशा हिश्शाला गिऱ्हाईक कमी आणि भाव पडेल मिळतो. दुसऱ्या भावाने तोच हिस्सा रीतसर, बाजारभावाने, पैसे खात्यातून देऊन विकत घेतला आणि ते पैसे पतसंस्थेत भरले तर कोणी बोट ठेवणार नाही. माझ्या मते भावासाठी हाच रस्ता, नादारीचा अर्ज नव्हे. मोठं कर्ज बँकेचं, ते तारणावर आहे, नादारीने हलत नाही. उरलेल्या कर्जासाठी नादारीचा शिक्का, ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत निवडणुकीला बंदी आणि वर्षानुवर्षे रिसिव्हर, एवढं सोसून मिळणार ते भांडी आणि अंथरूण, जे तसंही कोणी नेऊ शकत नव्हतं.

तुमचा पगार: कोर्टाच्या जप्तीत पहिले १ हजार सुटतात आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. ३१ हजार धरले तर ३० हजारांतले २० हजार सुटले, १० हजार कापले जाऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यात २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ कापता येत नाही. पण जामीन राहताना पगारातून कपातीचं संमतीपत्र दिलंय का? पतसंस्था ते हमखास घेते, आणि सहकार कायद्याच्या कलम ४९ ने मालकाला तशी कपात करावी लागते. तो कागद शोधा. नसेल तर पतसंस्थेत जाऊन तुमच्या जामीनपत्राची नक्कल मागा, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन. वहिनींच्या सहीचीही त्याच अर्जात मागा.

पंचगंगाकाठ

संमतीपत्र दिलंय बहुतेक. सोमवारी अर्ज देतो. जमिनीचं धाकट्याशी बोलून इथेच लिहितो.

विमावाली_नलिनी

मोकळ्या पॉलिसीचा हप्ता चुकवू नका तेवढा. बंद पडली तर मिळेल ती किरकोळ रक्कम.